फोममधला ओलावा

आज चौथा दिवस. अकोल्यावर झड बसली आहे. पाऊस म्हणावा तर छत्री उघडायची लाज वाटते, आणि पाऊस नाही म्हणावं तर दोरीवरचा साधा हातरुमाल वाळत नाही. आमच्या घरात सध्या पाच दोऱ्या बांधलेल्या आहेत. त्यांवर मावलं नाही ते खुर्चीच्या पाठीवर, दाराच्या कडीवर, फ्रिजच्या हँडलवर. पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायचं तर दोन पायजमे आणि एक चादर हातानं बाजूला सारत, नाटकातल्या राजासारखं जावं लागतं. आणि घरभर तो वास. अर्धवट वाळलेल्या कपड्यांचा, आंबूस, कोंदट. झडीत लोकांना भजी आठवतात म्हणे. मला पोलीस भरती आठवते.

भरतीची यादी अजून लागलेली नाही. आज लागेल, उद्या लागेल असे पोरापोरींचे निरोप मोबाइलवर फिरत असतात. माझी मुलगी अस्मिता निवांत आहे. ती झोपते, खाते, सायकलची चेन पुसते. मी मात्र दर अर्ध्या तासानं तिच्या मोबाइलकडे असा बघतो, की मोबाइललाच संकोच वाटावा.

ही तिची दुसरी खेप. पहिल्या खेपेची झड दोन वर्षांपूर्वीची, आणि हा वास मला खऱ्या अर्थानं कळला तो त्या झडीत. त्याआधी मी या वासाच्या जवळून जायचो. त्या वर्षी तो मी स्वतः तयार केला, घरच्या घरी, मोठ्या मेहनतीनं.

मी कापसाच्या जिनिंगमध्ये ग्रेडर आहे. शेतकऱ्याची गाडी अंगणात लागली, की कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला मूठभर कापूस काढायचा, दाबायचा, सोडायचा, आणि किती ओला ते सांगायचं. वरचा कापूस कुणीही वाळवून आणतो, आतला बोलतो. पंचवीस वर्षं झाली, हा उजवा हात हेच करतो आहे. आता ओलावा मोजायचं मशीन आलं आहे, पण मालक मशीनचा आकडा बघून झाल्यावर एकदा माझ्याकडे बघतात. निदान मला तसं वाटतं. एकदा मशीनचा आकडा आणि माझा आकडा जुळेना, तर त्यांनी मशीन दुरुस्तीला पाठवलं होतं. मशीनमध्ये काही बिघाड नव्हता असं नंतर कळलं, पण गोष्टीचा तेवढा भाग मी कुणाला सांगत नाही.

जिनिंग दिवाळीच्या सुमाराला सुरू होतं आणि ऊन तापलं की बंद. पावसाळाभर मी घरी. या चार महिन्यांत माझ्यासारखा निरुपयोगी माणूस आमच्या गल्लीत दुसरा नसतो. त्या वर्षी तर घरातलं सगळंच धावत होतं. बायको सुनंदा सरकारी नर्स, तिची बदली परतवाड्याच्या पुढे मेळघाटाच्या पायथ्याशी झालेली. शनिवारी संध्याकाळी यायची, सोमवारी पहिल्या गाडीनं परत. अस्मिता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, आणि डोक्यात भरती. पाचला मैदानावर, तिथून कॉलेज, दुपारी लेखीचा क्लास, संध्याकाळी परत मैदान. आणि मी? मी सकाळी पेपर वाचायचो आणि दुपारी तोच पेपर पुन्हा वाचायचो. मग ठरवलं, की पोरीच्या भरतीत आपलाही हातभार लागला पाहिजे. धावायला काही मी जाऊ शकत नव्हतो. म्हणून धुणं अंगावर घेतलं.

"बाबा, माहे कपडे मी धुतो," ती म्हणाली.

"तू धाव. धुवाचं माह्याकडं लागलं."

"थे ग्राउंडचे वेगळे असतात."

"कपडा तो कपडा वं. मी कापसाचा मानूस हाये."

"थ्यात कापूस नाई, बाबा."

एवढं एक वाक्य मी नीट ऐकलं असतं तर पुढचा लेख लिहायची वेळ आली नसती.

ग्राउंडचे म्हणजे ट्रॅक पँट, टी-शर्ट आणि दोन स्पोर्ट्स ब्रा. एक निळी, एक करडी. सुनंदानं अमरावतीला खास दुकान शोधून आणलेल्या. आत फोमचे पॅड बसवलेले. पावसात टी-शर्ट भिजला तरी पोरीला निर्धास्त धावता यावं, धावताना हिसके बसू नयेत, म्हणून. ही माहिती मला फार उशिरा मिळाली, कारण त्या दिवसांत मी त्या वस्तूचं नावच घेत नव्हतो. 'ते निळं', 'ते करडं', फार झालं तर 'ते ग्राउंडचं'. सुनंदा फोनवर एकदा वैतागून म्हणाली होती, "ब्रा म्हना नं. जिभेले फोड येते काय?" फोड आला नसता, पण नाव जिभेवर येत नव्हतं खरं. पंचवीस वर्षं दवाखान्यात काढलेली ती, आणि पंचवीस वर्षं सरकीच्या ढिगाशेजारी काढलेला मी.

पहिल्या दिवशी मी कढत पाणी घेतलं, मूठभर पावडर टाकली आणि मोगरी उचलली. घाम गेला पाहिजे, या एकाच ध्यासानं बडवलं. मग पीळ दिला. असा पीळ दिला, की माझ्या आईनं पाहिलं असतं तर पोरगा कामाचा निघाला म्हणून डोळे पुसले असते. उलगडून बघतो तर आतले पॅड दुमडून एका कोपऱ्यात जाऊन बसलेले, करंजीत सारण सरकावं तसे. बोटानं ढकलले तर दुसऱ्या कोपऱ्यात. मग मी शोध लावला, की कडेला एक चीर असते आणि त्यातून पॅड बाहेर निघतात. काढणं सोपं होतं. परत घालताना माझी अर्धी सकाळ गेली. एकाला सुरकुती पडली म्हणून इस्त्री टेकवली, तर तो भाजलेल्या पापडासारखा कडेनं वर आला. आणि एक पॅड सापडेचना. दोन दिवसांनी कळलं, की मी त्यानंच चष्मा पुसतो आहे. काच अगदी लख्ख निघत होती.

अस्मिता हसून हसून जमिनीवर बसली होती. "बाबा, मैत्रिणीइले सांगू काय?"

"सांगशीन तं पाह्य."

तेव्हा ती हसत होती, हे मुद्दाम लिहून ठेवतो. कारण पुढे पुढे ते हसणं बंद झालं, आणि ते कुठल्या दिवशी बंद झालं तेही मला समजलं नाही.

आमच्याकडे बायकांचे आतले कपडे उघड्यावर वाळत नाहीत. असा कुणी लेखी नियम केलेला नाही. पण माझ्या आईचं, बहिणींचं, सुनंदाचं, सगळ्यांचं वाळवणं मी लहानपणापासून असंच पाहिलं: आतल्या दोरीवर, आणि वरून परकर नाहीतर टॉवेल. मी पाहिलं म्हणणंही चूकच, मला फक्त टॉवेल दिसायचा. बारा महिने तो टॉवेल तिथं कशासाठी असतो, असा प्रश्न मला कधी पडला नाही. त्या झडीत मात्र मीच त्या प्रथेचा कारभारी झालो. आणि पुरुषमाणसानं प्रथा हातात घेतली की ती दुप्पट करतो. बायका एक टॉवेल टाकायच्या, मी टॉवेलवर लुंगी आणि लुंगीवर चादर टाकली. दारावरून जाणाऱ्याला वाटलं असतं, की दोरीवर कुणी झोपलं आहे.

त्या तिहेरी पांघरुणाखाली निळं आणि करडं आळीपाळीनं मुरत होतं. सकाळी चारला उठून मी पांघरुणात हात घालायचो, तळहातात पॅड धरायचा, दाबायचा, सोडायचा. कोरडा. अगदी कापसाच्या गाठीत दाबावा असा कोरडा. "घे, वाळलं," मी सांगायचो. ती घालायची आणि सायकल घेऊन निघायची. आणि मी दारात उभा राहून सायकलचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकायचो. सुरुवातीला फक्त काळजीच होती, काळ्या मातीचं मैदान, निसरडं, पडली तर गुडघा जाईल. माझी सगळी काळजी तिच्या पायांत होती. ज्याला मी रोज हात लावत होतो त्याची काळजी मला कशी नाही वाटली?

वास यायला लागला तेव्हा मी वासावर उपाय केला. बाजारातून सुगंधी पातळ औषध आणलं, कपडे मऊ करणारं. दोन झाकणं टाक म्हणून लिहिलं होतं, मी चार टाकली. आता त्या वस्तूंना मोगरा आणि शेवाळ असा एकत्र वास येऊ लागला, आणि पट्ट्याची लवचीक ओढ गेली ती वेगळीच. पट्टा ताणला की ताणलेलाच राहायचा, रागावलेल्या पाहुण्यासारखा, परत येईच ना.

अस्मिता जेवताना पाठ भिंतीला घासायची.

"काय झालं वं?"

"काई नाई. डास चावला."

डास. आठवडाभर एकच डास एकाच जागी चावत होता, आणि पंचवीस वर्षांचा अनुभवी ग्रेडर समोर बसून भाकरी मोडत होता.

ती का बोलली नाही, हे मी पुढे पुष्कळदा मनात घोळवलं. एक तर ते सांगायचं बापाला कसं? आणि दुसरं, मला वाटतं हेच खरं कारण, मी इतक्या हौसेनं धूत होतो. रोज सकाळी दोन्ही हातांनी, देवाला नैवेद्य दाखवावा तसा पुढे करत होतो. तिनं मला नाराज केलं नाही. माझ्या हौसेची किंमत तिची कातडी मोजत होती.

मग शनिवार आला आणि सुनंदा आली. पर्स खुंटीला अडकवली, पाणी प्यायली, आणि पोरीकडे एकदाच पाहिलं. पोरीला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं. मी चहा ठेवला. चहा दोनदा उतू गेला. सुनंदा बाहेर आली ती हातात करडं घेऊन.

"हे कवा धुतलं?"

"काल सकाळी."

"वाळलं?"

"कडक वाळलं."

"हात पुढं करा."

मी उजवा हात पुढे केला. तिनं पॅड बाहेर काढला, माझ्या तळहातावर धरला आणि अंगठ्यानं खोल दाबला. एक थेंब पडला. मग दुसरा. मग बारीक धार मनगटावरून निघून कोपराकडे गेली.

"हा फोम हाये," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "वरून वाळते, आत पानी धरून ठेवते. पोरगी रोज ओलं घालून पळून राहिली. पट्ट्याखाली पार पाठीपर्यंत नायटा गेला तिच्या. आग होऊन राहिली. अन तुमी कडक म्हनता."

कापूस ओला असला तर सांगतो. मी त्याच्यावर पंचवीस वर्षं पोट भरलं, आणि मला वाटलं जगातली प्रत्येक मऊ वस्तू तशीच खरं बोलते.

अमरावतीचं ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, बारा दिवसांवर आलं होतं.

ते बारा दिवस मला अजून वेगवेगळे आठवतात. सुनंदा सोमवारी गेली, जाताना मलम दिलं आणि मला समोर उभं करून शिकवलं. मैदानावरून आली की तासाभरात गार पाण्यात, साधा साबण, हलक्या हातानं. ते सुगंधी औषध तिनं स्वतः मोरीत ओतलं. पॅड वेगळे धुवायचे. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. ओलं असताना पट्ट्यांनी टांगायचं नाही, वजनानं ताणतं, सपाट पसरायचं. "अन थोडं जरी ऊन निघालं," ती बसच्या पायरीवरून म्हणाली, "तं पयले त्याले दाखवा. नायट्याले ऊनच पायजे." दोन नव्या आणायला तिनं सांगितल्या होत्या, त्या अस्मितानं घातल्या आणि काढून ठेवल्या. नव्या पट्ट्याची शिवण नेमकी नायट्यावर घासत होती. जुनीच बरी, पण जुनी वाळेल तर ना.

मी सूप घेतलं. आमच्याकडचं बांबूचं जुनं सूप, त्याच्या विणीतून खालून हवा लागते. त्यावर निळं, करडं आणि चार पॅड मांडून पंख्याखाली ठेवायचो आणि समोर बसायचो. अंड्यावर कोंबडी बसते तसा, फक्त शेजारी. तळहातावरचा विश्वास उडाला होता, म्हणून पॅड पेपरमध्ये ठेवून गुडघ्यानं दाबायचो आणि पेपरवर डाग उमटतो का बघायचो. डाग उमटायचा. रोज उमटायचा. बातम्यांची शाई पसरायची. बाहेर तीच झड, न पडणारी, न थांबणारी. पोरगी रोज अर्धी फेरी कमी धावून यायची, आणि "कसं वाटते?" विचारलं की "बरं हाये" म्हणायची. या घरात 'बरं हाये' इतकी भीती दुसऱ्या कुठल्याच शब्दांची मला वाटली नाही.

ग्राउंडला पाच दिवस उरले असताना, सकाळी अकराच्या सुमाराला ऊन पडलं.

खरंखुरं, पिवळं, चटके देणारं ऊन. पण आमचं घर असं, की मागे आडोसा, बाजूला शेजाऱ्यांची भिंत. ऊन पडतं ते एकाच ठिकाणी: समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर, रस्त्याला लागून. मी सूप उचललं, दारापर्यंत गेलो, परत आलो. पुन्हा गेलो. टॉवेल घेतला. टॉवेल टाकला तर ऊन कसलं लागणार, म्हणून टॉवेल ठेवला. शेवटी श्वास रोखून सूप भिंतीवर मांडलं आणि शेजारी पहारेकऱ्यासारखा उभा राहिलो.

समोरच्या घरात गावंडे भाऊ राहतात, निवृत्त कारकून. ऊन बघून त्यांनीही खुर्ची बाहेर काढली होती.

"काय वाळू घातलं गा? कुरड्या?"

"नाई भाऊ."

"मंग?"

आता इथं कुठलाही शहाणा माणूस 'पोरीचे कपडे' म्हणाला असता. तेवढं पुरे होतं. पण माझ्या जिभेचं आणि माझं कधी जमलं नाही.

"मास्क हाये. जिनिंगचे. धुळीचे."

गावंडे भाऊंनी चष्मा वर केला. "दोन दोन वाट्याचे?"

"हाव. नवीन आले. एक नाकाले, एक तोंडाले."

"बाप्पा! काय काय निघून राहिलं." ते मनापासून म्हणाले. "मले एक आनजा बरं. मले धुळीचा लय तरास हाये."

"आनतो नं."

मागे सायकलच्या स्टँडचा आवाज झाला. अस्मिता फाटकात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. पुढे आली, सूप उचललं आणि घरात गेली. मी मागोमाग गेलो.

"मास्क?"

"अवं, थे गावंडे भाऊ..."

"मी थे घालून पळतो, बाबा. शंभर जन पाहून राहिले असतात, शिट्टी वाजते, मास्तर घड्याळ घेऊन उभे असतात. मले लाज नाई वाटत. अन तुमाले भिंतीवर ठेवाची लाज वाटते." तिनं सूप खाली ठेवलं. "आजपासून माह्या कपड्याले हात नका लावू."

ऊन त्यानंतर आणखी तासभर होतं. मला ते खिडकीतून दिसत होतं, मोकळ्या भिंतीवर, काहीच न वाळवणारं. पुन्हा जाऊन सूप ठेवायचं धैर्य ना मला झालं, ना तिचा राग उतरला. साडेबाराला ढग भरून आले.

अमरावतीच्या मैदानाबाहेर मी सकाळपासून उभा होतो. आत आईबापांना सोडत नाहीत. भिंतीपलीकडून शिट्ट्या ऐकू येत होत्या, मधूनच टाळ्या, आणि प्रत्येक शिट्टीला मला वाटायचं ही तिची. ती बाहेर आली तेव्हा कोपरापासून टाचेपर्यंत काळा चिखल होता.

"कसं झालं?"

"चिखल होता."

यादी लागली तेव्हा ती दोन मार्कांनी खाली होती. सुनंदा मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मी भांडलो असतो, आणि भांडणात माणसाला जरा बरं वाटतं. मी एकटाच हिशोब मांडत बसलो. आठशे मीटरमध्ये दोन मार्क म्हणजे काही सेकंद. काही सेकंद म्हणजे किती पावलं? आणि त्या पावलांतली किती चिखलानं घेतली, किती नायट्यानं, आणि किती त्या ऊन असलेल्या रिकाम्या तासानं? एकदा धीर करून विचारलं, "त्या खाजेनं गेले काय वं दोन मार्क?"

"चिखल होता म्हनलं नं, बाबा."

ती खरं बोलली की मला वाचवलं, ते मला अजूनही कळलेलं नाही. दोन वर्षं मी त्या एका वाक्याला आतून दाबून बघतो आहे.

त्या दोन वर्षांत तिनं माझ्या हातात धुणं दिलं नाही. मी दारातून बघायचो. मैदानावरून आल्या आल्या, घाम अंगावर असतानाच, ती गार पाण्यात बुडवायची. आतली बाजू बाहेर करून. बोटांच्या पेरांनी पट्टा चोळायची, पॅडला तर नुसतं दाबायची आणि सोडायची, चार-पाच वेळा, फेस जाईपर्यंत. टॉवेलची वळकटी करून तिच्यावर पाय देऊन उभी राहायची आणि उभ्या उभ्या दात घासायची. महिन्यातून एकदा पट्टा ताणून बघायची. परत आला नाही की ती ब्रा धावण्यातून निवृत्त, घरात वापरायची. आणि झड उघडली की सूप घेऊन सरळ भिंतीवर. गावंडे भाऊंनी काही विचारलं का, हे मी विचारलं नाही. मी त्यांना अजून मास्क दिलेला नाही, म्हणून समोरासमोर येणं टाळतो.

मला ते सगळं पाठ झालं होतं. परीक्षा न देणाऱ्या विद्यार्थ्याचा अभ्यास पुष्कळदा जास्त पक्का असतो. झड लागली की रोज वाटायचं, मी विचारावं, 'दे, मी धुतो.' आणि रोज तोंडातून निघायचं, 'चहा घेतेस?'

मागच्या आठवड्यात आम्ही पुन्हा अमरावतीला गेलो. आदल्या दिवशी माझ्या बहिणीकडे मुक्काम, पहाटे मैदान. तेच फाटक, तीच भिंत. अंगावर भुरभुर. माझ्या शेजारी नांदगाव खंडेश्वरकडचे एक गृहस्थ उभे होते, मुलीची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून.

"तुमची कितव्या बॅचमंदी?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या."

"आमची बी." पिशवी सावरत ते म्हणाले, "मले तं शिट्टी वाजली का देव आठवते."

"मले शिट्टीच्या आधी आठवते."

मग आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो, जणू भिंतीतून दिसणार होतं. मनातल्या मनात मी तिचा पट्टा तपासत होतो, पॅड नीट बसलेत का, कड दुमडली नसेल ना. शिट्टी वाजली. मी मोजायला लागलो आणि पन्नासच्या पुढे आकडे विसरलो.

ती बाहेर आली तेव्हा कपडे बदललेले होते, केस ओले, चेहरा लाल. मी तोंड उघडलं, आणि विचारायचं ते विचारलं नाही. तिनं टॉवेलमध्ये गुंडाळलेलं एक बोचकं माझ्या हातात दिलं.

"धुता?"

"मी?"

"मंग कोन? अकोल्यापर्यंत पिशवीत ठेवलं तं वास धरीन. मले झोप येऊन राहिली, बाबा."

एवढंच. जसं काही दोन वर्षं हे रोज चालूच होतं.

चहाच्या टपरीमागे नळ होता. मी उकिडवा बसलो. साबण नव्हता, नुसतं गार पाणी. आतली बाजू बाहेर काढली, पॅड वेगळे केले, दाबले, सोडले, दाबले, सोडले. नांदगावचे ते गृहस्थ चहाचा कप घेऊन आले, दोन मिनिटं उभे राहिले आणि विचारलं, "पिळत नाई काय?"

"नाई. पिळलं का गेलं."

त्यांनी मान हलवली आणि आपल्या हातातल्या पिशवीकडे जरा भीतीनंच पाहिलं.

बसमध्ये आम्हाला खिडकीची जागा मिळाली. बस स्टँडच्या बाहेर पडण्याआधीच अस्मिताचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. किती वेळात धावली, हे तिनं अजून सांगितलं नव्हतं. पुढे तीन तासांची वाट, बाहेर भुरभुर, आणि पिशवीत कोंडलं तर आत पाणी बसणार. मी मांडीवर कोरडा टॉवेल पसरला, त्यावर तिची नवी निळी ब्रा सपाट मांडली आणि दोन गुडघ्यांवर दोन पॅड ठेवले. समोरच्या बाकावरच्या आजीबाईंनी एकदा पाहिलं, आणि मग खिडकीबाहेर पाहू लागल्या.

बडनेरा सुटल्यावर कंडक्टर आल्या. बाईच होत्या, चाळिशीच्या, खाकी कपड्यांत.

"अकोला. एक फुल, एक लेडीज हाफ," मी म्हणालो.

त्यांनी तिकिटं काढली. माझ्या मांडीकडे पाहिलं, झोपलेल्या पोरीकडे पाहिलं, पुन्हा मांडीकडे पाहिलं. माझे कान तापले.

"काका."

"हाव?"

"पट्ट्याची आतली बाजू वर करा. थे पयले वाळली पायजे."

धुतल्यावर मी सवयीनं सुलटी करून ठेवली होती. तिकिटं दातांत धरली, खांदा हलू न देता दोन्ही हात पुढे घेतले आणि उलटी केली.